व्हिक्टोरियन काळातील व्हिकरचे चरित्र नाशिकमध्ये बसून कसे लिहावे

शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्या अनेक नाशिककरांना हे ठाऊक नसते की ज्या वस्तीवरून या रस्त्याला नाव मिळाले ती वस्ती एका इंग्रज पाद्रीने वसवली होती. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकला काम सुरू केले आणि १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या गावाबाहेर शरणपूर उभे केले. कोणाच्या घरात पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवलेला असतो, कोणाकडे मंडळीने स्मरणिकेसाठी लेख मागितलेला असतो, तर कोणाला महाविद्यालयासाठी प्रबंध लिहायचा असतो. अशा सगळ्यांना कधी ना कधी एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या धर्मसेवकाचे चरित्र लिहायची वेळ येते आणि बहुतेक जण मृत्युलेख, संगमरवरी स्मृतिफलक आणि एक छायाचित्र एवढ्या सामग्रीवर लिहायला बसतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की मृत्युलेख सर्वांत शेवटी उघडावा. गावच्या पाद्रीचे आयुष्य त्याने स्वतःच्या हाताने भरलेल्या नोंदवह्यांमध्ये असते आणि त्या वाचण्याची रीत शिकली की नाशिकमध्ये बसूनही हे काम नीट करता येते.

सुरुवातीला ज्यांच्याविषयी लिहायचे ते नेमके कोणत्या पदावर होते हे ठरवून घ्यावे, कारण ‘पाद्री’ या एका शब्दात आपण चार निरनिराळ्या माणसांना बसवतो. इंग्लंडमधील पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गावाला किंवा वस्तीला, जो कायमचा धर्मसेवक असे तो रेक्टर असे किंवा व्हिकर. फरक होता तो उत्पन्नाचा. पॅरिशमधील पिकाचा दशमांश पूर्वापार चर्चला मिळत असे. रेक्टरला तो सगळा मिळे, तर व्हिकरच्या वाट्याला सहसा त्यातला लहान भाग येई आणि धान्याचा मोठा भाग दुसऱ्याच मालकाकडे जाई. खळ्यावर बलुतेदारांना पेंढ्या मोजून देण्याची पद्धत ज्यांनी ऐकली आहे त्यांना यातला ताण समजावून सांगावा लागणार नाही, कारण वर्षभर सेवा करायची आणि सुगीला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर हिस्सा मागायला जायचे, हा तिढा दोन्हीकडे सारखाच होता. १८३६ च्या कायद्याने हा दशमांश रोख रकमेत बदलला आणि ती रक्कम गहू, बार्ली व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर बेतली जाऊ लागली. त्यामुळे १८७० नंतर इंग्लंडमध्ये धान्याचे भाव कोसळले तेव्हा व्हिकरचे उत्पन्नही घटत गेले. चरित्रनायकांनी एखाद्या वर्षी घरातला नोकर कमी केला किंवा चर्चच्या छपराचे काम अर्धवट ठेवले असे आढळले, तर त्यांच्या स्वभावात कारण शोधण्याआधी त्या वर्षीचा गव्हाचा भाव पाहावा.

व्हिकरच्या हाताखाली पगारावर काम करणारा तो क्युरेट. मिशनरी या सगळ्यांहून वेगळा, कारण त्याला पॅरिश नव्हती, दशमांश नव्हता आणि संस्था सांगेल तिकडे त्याला जावे लागे. छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी नेमलेला सरकारी चॅप्लेन आणखी वेगळा. शरणपूरच्या काळातील प्राइस यांना व्हिकर म्हणून संबोधणारा लेख पहिल्या ओळीतच चुकतो. पद नक्की करण्यासाठी इंग्लंडच्या चर्चमधील धर्मसेवकांची ‘क्रॉकफर्ड’ नावाची सूची पाहावी. ती १८५८ पासून निघते, तिचे काही जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात आणि त्यातील पाच-सहा ओळींच्या नोंदीत शिक्षण, दीक्षेची वर्षे, आधीच्या नेमणुका, नेमणूक करण्याचा हक्क कोणाकडे होता, उत्पन्न आणि पॅरिशची लोकसंख्या हे सारे दाटीवाटीने दिलेले असते. ही नोंद स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी, म्हणजे पुढे तारखांचा गोंधळ होत नाही.

आता मुख्य कामाकडे वळू. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या ज्यांनी उघडून पाहिल्या आहेत त्यांना माहीत असते की आजोबांची सही, त्यांनी सांगितलेले गाव आणि बरोबर आलेल्या भावांची नावे एका ओळीत सापडली की घराण्याचा इतिहास बोलू लागतो. पॅरिशची नोंदवही याच जातीची आहे. उपाध्यायांची चोपडी मात्र कुळाप्रमाणे लावलेली असते आणि पॅरिशची वही तारखेप्रमाणे चालते. १८१३ पासून इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा आणि दफन यांच्या नोंदी छापील रकान्यांच्या वह्यांत होऊ लागल्या. एका पानावर आठ नोंदी असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी कोणी केला ते असते. दफनाच्या नोंदीत नाव, ठिकाण, तारीख, वय आणि पुन्हा विधी करणाऱ्याची सही. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडले की अशा पुष्कळ वह्यांची सूची विनामूल्य शोधता येते, मात्र काही परगण्यांच्या पानांची चित्रे फक्त शुल्क घेणाऱ्या संकेतस्थळांवर मिळतात.

नवीन माणूस या वहीत आपल्या नायकाचे नाव शोधतो आणि दोन-चार ठिकाणी सापडले की वही मिटतो. तसे न करता शेवटच्या रकान्यावरून, म्हणजे विधी करणाऱ्याच्या सहीवरून, बोट फिरवत वर्षामागून वर्ष खाली यावे. सलग सहा महिने क्युरेटचीच सही असेल तर व्हिकर आजारी होते, प्रवासात होते किंवा दुसरीकडे राहत होते, आणि यापैकी काय खरे हे पुढे पत्रांतून ठरवता येते. १८३८ च्या कायद्याने अनेक पॅरिशेस एकाच माणसाने बाळगण्यावर आणि पॅरिशबाहेर राहण्यावर निर्बंध आणले होते, तेव्हा हा रकाना म्हणजे एका परीने व्हिकरची हजेरीच आहे. त्यानंतर दफनाच्या वहीतील वयाचा रकाना वाचावा. १८४८-४९, १८५४ आणि १८६६ या वर्षी इंग्लंडमध्ये कॉलरा पसरला होता. त्या वर्षांची पाने समोर आली तर घाई करू नये, एकाच ठिकाणाचे नाव किती वेळा येते, दोन तारखांमध्ये किती दिवसांचे अंतर आहे आणि वयाच्या जागी आठवडे किती वेळा लिहिले आहेत ते मोजावे. साथीतल्या प्रत्येक दफनाला व्हिकरची स्वतःची सही असेल, तर ‘ते लोकांच्या दुःखात धावून जात’ हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. तारखा आणि सह्या मांडल्या की पुरे.

विवाहाची वही आणखी एक गोष्ट सांगते, जिचा उपयोग फार थोडे लोक करतात. १ जुलै १८३७ पासून विवाहाच्या नोंदीत वधूवरांचे वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय येऊ लागले, आणि खाली वधूवरांनी सही करायची किंवा लिहिता येत नसेल तर फुली मारायची. व्हिकरने गावात शाळा काढली असेल तर शाळेच्या आधीची वीस वर्षे आणि नंतरची वीस वर्षे घ्यावी, दोन्हीकडच्या फुल्या मोजाव्या आणि वधूंच्या फुल्या वेगळ्या मोजाव्या. मी हे काम आडव्या लांब वहीत, एका वर्षाला एक ओळ देऊन करतो. शाळेतून बाहेर पडलेली मुले लग्नाच्या वयाची व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, त्यामुळे लगेच फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. पहिल्यांदा ज्या पानावर मजुराच्या मुलीची थरथरत्या अक्षरांतली पूर्ण सही दिसते, त्या पानाची प्रत मी चरित्राच्या मधोमध छापतो.

शाळेविषयी लिहिताना शाळेची दैनंदिनी मिळवण्याचा प्रयत्न जरूर करावा. १८६२ च्या नियमांनुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकाला ती ठेवावी लागे, आणि अनुदान मुलांच्या हजेरीवर व निरीक्षकाने घेतलेल्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेवर अवलंबून असल्यामुळे मुले का आली नाहीत हे तीत नेमके लिहिलेले असते: सुगी, ताप, पायात जोडे नसणे, पाऊस. व्हिकर आठवड्यातून किती वेळा शाळेत आले, त्यांनी कोणता धडा घेतला, त्यांच्या पत्नीने शिवणकाम तपासले का, हेही तीतच सापडते. १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटी या चर्चच्या शिक्षणसंस्थेच्या शाळांवर व्हिकरचा ताबा असे, आणि १८७० च्या शिक्षण कायद्याने लोकनियुक्त स्कूल बोर्ड आली तेव्हा गावात बोर्डाची शाळा येऊ नये म्हणून अनेक व्हिकरांनी जोर लावला. आपल्या नायकाने तसे केले असेल तर ते लपवू नये. ज्या माणसाने पदरचे पैसे घालून शाळा बांधली त्याला तिच्यावरचा ताबा सोडवत नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या की माणूस पूर्ण दिसतो.

जनगणनेला फार वेळ देऊ नये. १८४१ पासून दर दहा वर्षांनी व्हिकरच्या घरात कोण कोण राहत होते ते पाहून घ्यावे आणि पुढे जावे. ३० मार्च १८५१ च्या रविवारी चर्चमध्ये किती लोक आले याची एकदाच झालेली मोजणी मात्र पाहावी, कारण तीत चर्चबरोबरच गावातील इतर ख्रिस्ती पंथांच्या प्रार्थनागृहांचेही आकडे आहेत आणि व्हिकरच्या प्रवचनाला येणाऱ्यांइतकेच लोक मेथडिस्टांकडे जात होते, असे त्यातून कळू शकते.

समाजकार्याचा खरा पुरावा हिशेबात असतो. पॅरिशचे मासिक काढण्याची पद्धत १८५९ नंतर इंग्लंडमध्ये झपाट्याने पसरली आणि त्याच्या शेवटच्या पानांवर कपड्यांचा क्लब, कोळशाचा क्लब, गावचे वाचनालय यांचे जमाखर्च छापले जात. हे क्लब आपल्याकडच्या भिशीशी जवळचे नाते सांगतात: मजुराच्या घरातून दर आठवड्याला पेनी-दोन पेनी जमा होत, व्हिकर आणि गावातले सधन लोक वरून भर घालत, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्या रकमेचे कापड किंवा कोळसा मिळे. हिशेब वाचताना दोन प्रश्न विचारावेत. भर कोण घालत होते, आणि क्लबात कोणाला घेत नव्हते? काही ठिकाणी चर्चला न येणाऱ्या किंवा दुसऱ्या पंथाच्या कुटुंबाला क्लब बंद असे, आणि तो नियम मासिकातच छापलेला सापडतो. तसेच या कामातला मोठा वाटा व्हिकरच्या पत्नीचा व मुलींचा होता हे लक्षात ठेवावे. मदर्स युनियन ही संघटना १८७६ मध्ये मेरी समनर यांनी सुरू केली ती हॅम्पशायरमधील ओल्ड आल्रेसफर्ड या पॅरिशमध्ये, आणि त्यांचे पती तिथे रेक्टर होते. नोंदवहीत या स्त्रियांची सही येत नाही. त्यांना शाळेच्या दैनंदिनीत, क्लबाच्या वहीत आणि घरगुती पत्रांत शोधावे लागते, आणि तेवढे कष्ट घ्यावेतच.

ऐकीव गोष्टींच्या बाबतीत काय सावधगिरी बाळगावी याचे चांगले उदाहरण म्हणजे कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो या समुद्रकाठच्या पॅरिशचे व्हिकर रॉबर्ट स्टीफन हॉकर. १८३४ च्या अखेरीस त्यांची तिथे नेमणूक झाली आणि १८७५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याच पॅरिशचे व्हिकर राहिले. कड्याखाली फुटलेल्या जहाजांवरील खलाशांचे देह वर आणून ते चर्चच्या आवारात दफन करत. १८४२ मध्ये कॅलेडोनिया नावाचे जहाज तिथे फुटले, आणि त्याच्या पुढच्या टोकावरची लाकडी मूर्ती बुडालेल्या खलाशांच्या कबरीवर खूण म्हणून उभी करण्यात आली. १८४३ मध्ये त्यांनी पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्यासाठी जी उपासना घेतली तिच्यापासून इंग्लंडमधील आजचा हंगामाचा सण रूढ झाला असे मानतात, आणि आपल्या मंडळ्यांतही पहिल्या धान्याची व भाज्यांची अर्पणे वेदीपुढे ठेवली जातात. वाहून आलेल्या लाकडांची त्यांनी कड्यावर बांधलेली झोपडी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने आजही जपली आहे. असा माणूस दंतकथांना निमंत्रणच देतो. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांत चरित्र निघाले, त्यात इतक्या गमतीदार ऐकीव हकिकती शिरल्या की आक्षेप आल्यावर लेखकाला पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या कराव्या लागल्या. म्हणून मंडळीतील वृद्धांनी सांगितलेली प्रत्येक आठवण आदराने लिहून घ्यावी, सांगणाऱ्याचे वय आणि त्यांनी ती कोणाकडून ऐकली हे शेजारी नोंदवावे, आणि नोंदवहीशी ताडून पाहिल्याशिवाय ती चरित्राच्या मजकुरात घेऊ नये.

तुमचा विषय नाशिकच्याच मिशनरीचा असेल तर सामग्री बदलते, रीत तीच राहते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे. तो आधी वाचावा. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात संदर्भासाठी बसण्याची सवय लावून घ्यावी. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या चर्चने पाठवलेल्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या, दप्तरात आहेत, तर मिशनऱ्यांची पत्रे बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयात. शोधताना नाशिक आणि शरणपूर या नावांची इंग्रजी अक्षरांतील सर्व जुनी रूपे घालून पाहावीत, कारण त्या काळी नाशिक एकच माणूस दोन पत्रांत दोन प्रकारे लिहीत असे. ही पत्रे वाचताना ती कोणासाठी लिहिली होती हे विसरू नये. इंग्लंडमधील वर्गणीदारांपर्यंत पोचणाऱ्या पत्रात यशाचा सूर वरचा लागतो, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घर, शेत, भाऊबंद यांपैकी काय सोडावे लागले हे एका ओळीत उरकलेले असते. ती ओळ सापडली की तिथे थांबावे आणि त्या माणसाची बाजू इतरत्र शोधावी.

शरणपूरच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली गेली आणि त्यांना अक्षरांबरोबर हस्तव्यवसायही शिकवला गेला. १८६६ मध्ये आफ्रिकेचे प्रसिद्ध संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण होते. पुढे त्यांना जाऊन मिळालेला जेकब वेनराइट हाही इथलाच विद्यार्थी. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारले त्या ठिकाणी झाडावर त्यांचे नाव कोरणारा, त्यांच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या अंत्यविधीला हजर असलेला तो हाच. प्राइस स्वतः १८७४ मध्ये पूर्व आफ्रिकेला गेले आणि मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत त्यांनी वसवली. तिथल्या कामाला नाशिकला शिकून तयार झालेल्या लोकांचाच आधार होता. प्राइस यांचे चरित्र लिहिताना निम्मी पाने या विद्यार्थ्यांना द्यावीत असे माझे ठाम मत आहे, कारण व्हिकरच्या गावातील फुल्या आणि सह्या जे सांगतात तेच इथे वेनराइटने झाडावर कोरलेली अक्षरे सांगतात.

जुनी कबर वाचायची असेल तर सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असताना दगडावरची झिजलेली अक्षरे सावली धरतात आणि दुपारी कोरा वाटणारा दगड वाचता येतो. ढगाळ दिवशी मोबाइलचा दिवा दगडाच्या कडेला टेकवून धरला तरी काम भागते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पीठ चोळू नये, दगड खराब होतो. कबरस्थानात जाण्याआधी मंडळीच्या पाळकांना भेटून परवानगी घ्यावी, आणि शक्यतो रविवारी उपासना संपल्यावर थांबून त्यांना वेळ विचारावी. चर्चमधील वही दाखवली तर ती टेबलावर सपाट ठेवून, कोरड्या हातांनी, पेन बाजूला ठेवून पेन्सिलीने टिपणे घेत वाचावी आणि पान उलटताना बोट ओले करू नये. अलीकडच्या वर्षांच्या नोंदींत हयात कुटुंबांची खासगी माहिती असते, तिचे छायाचित्र घेऊ नये. पावसाळ्यात जुनी वही उघडण्याचा आग्रह धरू नये, दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की जावे.

लिहिताना चरित्रनायकांसाठी पहिल्या उल्लेखात रेव्हरंड आणि पूर्ण नाव, नंतर आडनाव आणि आदरार्थी बहुवचन ठेवावे. व्हिकरला पुजारी किंवा धर्मगुरू करू नये, व्हिकरच म्हणावे आणि अर्थ एकदा सांगून टाकावा. बाप्तिस्मा, पाळक, मंडळी, उपासना हे शब्द आपल्या ख्रिस्ती समाजाच्या रोजच्या वापरातले आहेत, त्यांना संस्कृत पर्याय घडवू नयेत. लेख पूर्ण झाला की छापायला देण्यापूर्वी ज्या कुटुंबांचा त्यात उल्लेख आहे त्यांच्यापैकी एखाद्या वडीलधाऱ्यांना तो वाचून दाखवावा. एक प्रत वाचनालयात द्यावी, आणि दुसरी, नोंदवहीतून उतरवलेल्या तारखांच्या आडव्या वहीसह, सुती कापडात गुंडाळून पाळकांच्या हाती सोपवावी, म्हणजे ती जुन्या वह्यांच्या कपाटातच राहील आणि पुढे येणाऱ्याला सह्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागणार नाहीत.